गतिशास्त्र आणि मुलांचे हात

मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीस वऱ्हाडांतील लोक लाडानें 'शकुंतला' म्हणत असत. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें तिच्या वाटेवरील मोठें गांव. रुळांमधील अंतर अवघें २॥ फूट, मार्ग सुमारें ७० मैलांचा, आणि १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडविलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत तिच्या सेवेंत होतें. तिची चाल इतकी सावकाश असे कीं, गाडी फलाटाशीं थांबण्यापूर्वींच खालीं उडी टाकणें हा आमच्या लहानपणीं पराक्रमाचा किमान दर्जा मानला जाई. उडी टाकल्यावर गाडीच्याच दिशेनें चार पावलें धांवलें पाहिजे, न धांवल्यास तोंडावर आपटावें लागतें, हें ज्ञान आम्हांस एका गुडघ्याच्या मोबदल्यांत मिळालें होतें. त्याच वर्षीं शाळेंत गुरुजींनीं न्यूटनचा पहिला नियम सांगितला. सांगितला म्हणजे लिहून दिला. आम्हीं तो पाठ केला, परीक्षेंत स्वल्पविरामासुद्धां उतरविला आणि पुरे गुण मिळविले. परंतु गुडघ्यावरील खपली आणि वहींतील नियम हीं एकाच गोष्टीचीं दोन रूपें आहेत, ही कल्पना आमच्या मनास पुढें कित्येक वर्षें शिवली नाहीं.

हा एखाद्या मंदबुद्धि विद्यार्थ्याचाच अनुभव असता, तर तो येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु ज्या ज्या सुशिक्षित गृहस्थांपाशीं हा विषय आम्हीं काढला, त्यांनीं थोड्याफार फरकानें हीच कहाणी सांगितली. मराठींत शास्त्रीय विषयांवर नियतकालिकें व पुस्तकें निघूं लागून आज पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. इतक्या काळांत बल आणि गति यांचें शास्त्र मराठी मुलाच्या हातांत कां उतरलें नाहीं, तें उतरविण्याचे प्रयत्न कोणीं केले, आणि ते कोठें अडले, याचा थोडासा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा विचार आहे.

आरंभ जुन्या काळापासून करूं. भास्कराचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' ११५० सालीं रचला. पृथ्वी जड पदार्थांस आपणाकडे ओढून घेते, हा विचार त्यांतील गोलाध्यायांत स्पष्टपणें मांडलेला आहे, आणि त्याचा अभिमान आपण बाळगतों तो योग्यच आहे. परंतु त्याच गोलाध्यायांत, यंत्रांच्या प्रकरणीं, एका स्वयंवह चक्राचेंही वर्णन आहे. चक्राच्या पोकळ आऱ्यांत अर्धवट पारा भरून तें आंसावर बसवावें, म्हणजे तें आपोआप फिरत राहील, असें आचार्य सांगतात. वस्तुतः असें चक्र फिरत राहत नाहीं. एका बाजूचा पारा आंसापासून दूर सरकतो हें खरें, पण दुसऱ्या बाजूस जवळच्या पाऱ्याचे आरे अधिक होतात. दोन्हीकडील तोल सारखा होऊन चक्र थोडें हेलकावतें आणि स्थिर होतें. आचार्यांची थोरवी यामुळें कमी होत नाहीं. युरोपांतील विद्वानांसही पुढें कित्येक शतकें असल्या चक्रांचा नाद होता. सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, एखाद्या चांगल्या सुताराकडून चक्र करवून घेतलें असतें, तर या प्रश्नाचा निकाल एका दुपारींत लागला असता. आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. तो १२०७ सालच्या सुमाराचा आहे. म्हणजे ग्रंथ शिकविण्याची व्यवस्था झाली, दान मिळालें. ग्रंथांतील चक्र फिरवून पाहण्याची व्यवस्था मात्र त्या लेखांत कोठें दिसत नाहीं. ग्रंथ एकीकडे आणि सुतार दुसरीकडे, ही आपल्या विद्येची जुनी वांटणी होय.

इंग्रजी अमलांत नवें शास्त्र आलें, तेंही याच वांटणीच्या वाटेनें आलें. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं 'दिग्दर्शन' मासिक काढून सृष्टिशास्त्राचे विषय मराठींत आणले. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं शाळांसाठीं पदार्थविज्ञानाचें पुस्तक लिहिलें, आणि पुढील पिढींत कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनीं रसायन व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठी ग्रंथांची भर घातली. या पुरुषांचे उपकार मोठे आहेत. परंतु उपकरणें होतीं तीं मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेलें. वाशीम १८७५ पासून १९०५ पर्यंत जिल्ह्याचें ठिकाण होतें, मग तें अकोला जिल्ह्यांत सामील झालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां जिल्हा झालें. या सर्व उलथापालथींत रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा यांसारख्या ठिकाणच्या शाळेंत शास्त्राचें जें रूप पोहोंचलें तें पुस्तकाचें. आणि पुस्तकाबरोबर प्रयोग न आल्यामुळें पुस्तकाची भाषा हाच विषय होऊन बसला.

या भाषेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आमच्या पिढीनें बलास 'प्रेरणा' म्हटलें. वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशांतही हाच शब्द आहे. तो अर्थानें चूक नाहीं. परंतु शाळेंतील मुलाला प्रेरणा ठाऊक असते ती पुण्यतिथीच्या भाषणांतली. अशा मुलास 'वस्तूवर प्रेरणा क्रिया करते' असें सांगितलें म्हणजे तें मान हलवितें आणि पाठ करतें. 'जडत्वा'ची गोष्ट याहून कठीण. जड म्हणजे वजनदार, हा अर्थ मूल घरून घेऊन येतें. मग हलक्या चेंडूलाही जडत्व आहे हें वाक्य त्यास विनोदासारखें वाटतें. शब्द कोणता हा वाद येथें करावयाचा नाहीं. ज्या शब्दामागें हातानें केलेली कृति उभी आहे, तो शब्द कितीही संस्कृत असला तरी मुलास पेलतो. आणि जिच्यामागें कांहींच नाहीं, ती साधी भाषाही त्यास जड जाते.

हातास शाळेंत मानानें बसविण्याचा पहिला मोठा प्रयत्न वऱ्हाडच्या शेजारींच, वर्धा येथें झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षण-परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस आपला अहवाल सादर केला. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि तें एखाद्या हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफलेलें, अशी ही योजना होती. या अहवालांत सामान्य शास्त्र हा विषय आहे, आणि त्याच्या उद्देशांत अचूक निरीक्षणाची व अनुभव प्रयोगानें पडताळून पाहण्याची संवय लावणें हाही एक उद्देश आहे. योजनेचे टीकाकार व भक्त या दोघांचेंही या वाक्याकडे फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. सर्वांचें लक्ष सुतावर खिळलें.

वास्तविक सूत काढण्याच्या साधनांइतकें चांगलें गतिशास्त्राचें उपकरण खेड्यांतील शाळेस दुसरें मिळणें कठीण होतें. आणि वऱ्हाड तर कापसाचाच मुलुख. टकळी घ्या. लोखंडी काडी आणि तिच्या खालच्या बाजूस पितळेची चकती, एवढेंच तिचें शरीर. चकती काढून नुसती काडी फिरविली तर ती गरकन फिरते आणि लगेच थांबते. चकती बसविली तर तीच काडी संथपणें पुष्कळ वेळ फिरत राहते. वजन तेंच ठेवून तें आंसाजवळ गोळा केलें तर काय होईल, आणि कडेस पसरलें तर काय होईल, हें मातीच्या चकत्या करून दहा वर्षांच्या मुलास पाहतां येतें. फिरणाऱ्या वस्तूचें जडत्व नुसत्या वजनावर नव्हे, तर तें वजन आंसापासून किती दूर आहे यावर ठरतें, ही गोष्ट कॉलेजांत समीकरणानें शिकवितात. येथें ती बोटांस कळते. चरख्याचेंही तसेंच. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला असतां चातीचे किती फेरे होतात, हें चातीस रंगीत दोरा बांधून मोजावें, मग चाकाचा व चातीवरील गिरकीचा घेर सुतळीनें मापावा. दोन्ही गुणोत्तरें जवळ जवळ सारखीं येतात. जेथें तीं जुळत नाहींत, तेथें माळ घसरली असली पाहिजे, हें मुलांनीं स्वतः शोधून काढावें.

परंतु झालें तें निराळें. प्रांतिक मंत्रिमंडळांनीं १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले आणि योजनेचा सरकारी आधार तुटला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा वाढल्या, पण त्यांत हिशेब राहिला तो किती तार सूत निघालें याचा. टकळी कां फिरत राहते हें विचारण्यास तासिका नव्हती. ज्या शाळांस हें करणें जमलें त्या थोड्या. इतर ठिकाणीं सूतकताई हा एक विधि झाला, आणि पालक म्हणूं लागले कीं, आमच्या मुलांस मजुरीच शिकवावयाची तर ती घरीं काय वाईट होती ? हा आक्षेप कडू आहे, पण अगदींच अन्यायाचा नाहीं. हातांस काम दिलें आणि प्रश्न दिला नाहीं, तर हाताचें ज्ञान डोक्यापर्यंत चढत नाहीं.

याहूनही एक खोल अडचण आहे, आणि तिचा विचार प्रयोगाचे कैवारी सहसा करीत नाहींत. हाताचा अनुभव नेहमीं खरेंच शिकवितो असें नाहीं. वऱ्हाडांतील शेतकऱ्याचें मूल बैलगाडींत वाढतें. बैल ओढतात तोंवर गाडी चालते. बैल थांबले कीं गाडी थांबते. पावसाळ्यांत काळ्या जमिनींत चाकें रुतलीं तर बैल ओढीत असतांही गाडी हलत नाहीं. या अनुभवांवरून मूल असा सिद्धांत बांधतें कीं, गति हवी असेल तर जोर सतत लावीत राहिला पाहिजे. हा सिद्धांत अॅरिस्टॉटलचा आहे, आणि तो दीड हजार वर्षांहून अधिक काळ विद्वानांच्या सभेंत मान्य होता. वऱ्हाडची काळी जमीन अॅरिस्टॉटलच्या पक्षाची साक्षीदार आहे म्हणाना ! उलट पक्षाचा साक्षीदारही आमच्या गांवांतच होता. रुळांच्या तपासणीसाठीं माणसांनीं ढकलण्याची ट्रॉली येई. दोघे जण रुळांवरून अनवाणी धांवत ती ढकलीत, आणि तिनें वेग घेतला कीं टुणकन् वर चढून बसत. ट्रॉली मग कोणी न ढकलतां लांबवर जाई. बैलगाडी आणि ट्रॉली हीं दोन्ही आम्हीं रोज पाहिलीं. 'ही थांबते, मग ती कां थांबत नाहीं ?' एवढा एक प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नाहीं, व आम्हांसही तो सुचला नाहीं.

अनुभव आणि प्रयोग यांत अंतर आहे तें या प्रश्नाचें. गॅलिलिओनें हाच प्रश्न धरला. १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें उतरत्या फळीच्या गुळगुळीत खोबणींतून कांशाचा गोळा सोडण्याच्या प्रयोगाचें वर्णन केलें आहे. वेळ मोजण्यास त्याजपाशीं चांगलें घड्याळ नव्हतें; भांड्याच्या बारीक नळींतून पडणारें पाणी जमवून त्यानें तें तोललें, आणि पाण्याच्या वजनावरून काळाचें मान ठरविलें. दुप्पट काळांत चौपट अंतर, तिप्पट काळांत नऊपट, हा नियम त्यास या पाण्यानें सांगितला. घटिकापात्रावर मुहूर्त साधणाऱ्या आपल्या देशांत हें साधन कांहीं अपूर्व नव्हतें. आपल्या घटिकापात्रानें लग्नें लाविलीं. उतरणीवरील गोळ्याची वेळ त्यानें घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि ही अडचण केवळ खेड्यांतील मुलांची आहे असें कोणीं समजूं नये. फ्रान्समधील लॉरेन्स व्हिएनो यांनीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या विचारपद्धतीचा अभ्यास १९७९ सालीं प्रसिद्ध केला. वर फेकलेला चेंडू वर जात असतां त्यावर वरच्या दिशेनें बल असलेंच पाहिजे, अशा तऱ्हेचा समज न्यूटनचे नियम शिकून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांतही त्यांस आढळला. १९८० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांस विचारलें कीं, दोरीस बांधून गरगर फिरविलेला गोळा दोरी तुटल्यावर कोणत्या मार्गानें जाईल. कित्येकांनीं वांकडा मार्ग काढून दाखविला. जोंधळ्याच्या शेतांत माचाणावर उभा राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराचा हात धोंडा नेमका कोणत्या क्षणीं सोडावा हें जाणतो, म्हणूनच धोंडा सरळ पांखरांकडे जातो. पण तोच मार्ग त्यास कागदावर काढावयास सांगितला तर तो काय काढील, हें पाहण्यासारखें आहे. हाताला जें कळतें तें बुद्धीस कळलेंच असतें असें नाहीं. आणि वहींत जें लिहिलेलें असतें तें दोहोंसही कळलेलें नसतें.

ही गांठ ओळखून झालेला प्रयत्न म्हणजे सातपुड्यापलीकडील होशंगाबादचा. एके काळीं वऱ्हाड, वर्धा आणि होशंगाबाद हे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांताचे भाग होते. तेथें १९७२ सालीं 'किशोर भारती' व रसूलियाचें 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनीं १६ माध्यमिक शाळांत प्रयोगांतून शास्त्र शिकविण्यास आरंभ केला; १९७८ सालीं तो उपक्रम साऱ्या जिल्ह्यांत पसरला, आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेनें तो चालविला. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरें नव्हतीं. करण्याच्या कृति होत्या आणि त्यांवरील प्रश्न होते. मुख्य म्हणजे परीक्षाही बदलली. मुलांनीं पुस्तक उघडें ठेवून उत्तरें लिहावींत, आणि कांहीं गुण हातानें प्रयोग करून मिळवावेत, अशी रीति होती. हा उपक्रम ३० वर्षें चालला आणि २००२ सालीं सरकारी हुकुमानें बंद झाला.

महाराष्ट्रांत याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९७४ सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलें. जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसराच्या खेड्यांतील शाळांत या केंद्राचें आरंभीचें काम झालें. केंद्राचे संचालक व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांस असें दिसून आलें कीं, गरीब व अशिक्षित घरांतील मुलांच्या वाटेंत पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हा मोठाच अडसर आहे. भाषा सोपी करून शिकविलें असतां तींच मुलें पुढें सरकतात. म्हणजे ज्याची बुद्धि कमी म्हणून आपण सोडून दिली, त्याचा दोष आपल्या वाक्यांत होता. पुण्याच्या मोटार-कारखान्यांतून रजा घेऊन अरविंद गुप्ता १९७८ सालीं होशंगाबादेस गेले. तेथील बाजारांत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या त्यांस सांपडल्या, आणि त्यांतून खेळण्यांचें एक शास्त्रच त्यांनीं उभें केलें. पुढें पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील मुलांच्या केंद्रांत त्यांनीं बरींच वर्षें हें काम केलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणीं मोडलीं तरी चालतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. शाळेचें उपकरण मोडेल या भीतीनेंच तें कुलुपांत राहतें.

कुलुपाचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. आमच्या शाळेंत कांचेच्या कपाटांत एक तानकांटा, दोन कप्प्या आणि पितळेचीं वजनें होतीं. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशीं तीं पुसून ठेवीत. आज कपाटें अधिक भारी झालीं आहेत. २०१६ पासून देशांतील हजारों शाळांस निरनिराळीं यंत्रें व विजेचीं साधनें सरकारी योजनेंतून मिळालीं आहेत. साधनें यावींतच. पण परीक्षा जोंवर व्याख्या विचारते, तोंवर शहाणा शिक्षक व्याख्याच शिकविणार, आणि शहाणें मूल प्रयोगवही शेजाऱ्याच्या वहीवरून उतरविणार. प्रयोग न करतां 'निरीक्षण' लिहिण्याची संवय ही शास्त्राच्या अज्ञानाहून वाईट आहे. कारण अज्ञानी मनुष्य निदान खोटें बोलत नाहीं.

परीक्षा बदलणें आपल्या हातीं नाहीं. घरची दुपार आपल्या हातीं आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमची नात सुटींत आली होती, तेव्हांचा एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतों. पाटाखालीं वीट ठेवून आम्हीं त्यास उतार दिला, आणि वरच्या कडेवरून गोटी सोडली. पाटाच्या पायथ्याशीं पहिल्यानें चाळलेली माती पसरली, मग गोणपाट अंथरलें, आणि शेवटीं नुसती फरशी ठेविली. मातींत गोटी वीतभर गेली, गोणपाटावर दोन हात, आणि फरशीवर ती थेट भिंतीस जाऊन आपटली. प्रथम विचारलें तेव्हां नात म्हणाली, "गोटीतला जोर संपला, म्हणून ती थांबली, आबा." आम्हीं उत्तर दिलें नाहीं, पुन्हां एकदां तिन्हीकडे गोटी सोडावयास सांगितली. ती बराच वेळ पाटाकडे पाहत बसली, आणि म्हणाली, "पण जोर तर तिन्ही वेळां सारखाच दिला होता. मग मातीतच लवकर कसा संपला ?"

या प्रश्नापाशीं पोहोंचण्यास मानवजातीस फार शतकें लागलीं. आम्हांस न्यूटनचें नांव जिभेवर आलें होतें, तें मोठ्या कष्टानें आवरलें. तिनें कॅरमचा बोर्ड काढला, त्यावर पूड टाकून व न टाकतां स्ट्रायकर ढकलून पाहिला, आणि रात्रीं जेवतांना विचारलें कीं, पुडीहूनही गुळगुळीत कांहीं असलें तर स्ट्रायकर थांबेल तरी कां ? आम्हीं म्हटलें, "तुला काय वाटतें ?" अजून तिचें उत्तर आलेलें नाहीं. शाळा सुरू झाल्यावर तिनें पत्रांत लिहिलें आहे कीं, हा धडा पुढच्या वर्षीं आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें आहेत, त्यांनीं हा खेळ एकदां अवश्य करावा. गोटी, पाट आणि मूठभर माती, एवढेंच साहित्य लागतें. मात्र उत्तर सांगण्याची घाई करूं नये.